पाहुणा दिसल्याशिवाय वर्ष सुरू होत नाही

अण्णांची आणि माझी ओळख त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितले तेव्हा झाली. डॉक्टरांनी मला साखरेपायी सकाळी चालायला लावले होते. मी कंबर तलावाच्या काठाने, मोबाइल कानाला लावून, अख्ख्या सोलापूरला ऐकू जाईल अशा आवाजात कुणाशी तरी वाद घालत चाललो होतो. एवढ्यात पांढरा सदरा, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात दुर्बीण अशा एका गृहस्थांनी हात वर केला आणि अतिशय अदबीने म्हटले, “साहेब, जरा डावीकडं सरकता का? तुम्ही माझ्या शेकाट्याच्या पुढ्यात उभे आहात.” मी दचकून मागे पाहिले. उथळ पाण्यात लांबलचक लाल पायांवर एक पक्षी उभा होता आणि तोही माझ्याकडे अण्णांच्याच नजरेने पाहत होता. आयुष्यात मला अनेकांनी बाजूला सारले आहे, पण इतक्या आदराने कुणीच नाही. मी फोन बंद केला आणि तिथेच उभा राहिलो. अजून उभाच आहे.

श्री. दत्तात्रय बिराजदार, म्हणजे आम्हा सर्वांचे अण्णा, यांना या वर्षी पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गाव मंद्रूप, नोकरी कोर्टात लघुलेखकाची, घर सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत, आणि जीव सोलापूरभोवतीच्या तलावांत. गौरवग्रंथाच्या समितीने मला निरोप धाडला, “तुमचा लेख हवाच, फक्त थट्टा नको.” मी थट्टेवर पोट भरणारा माणूस. न्हाव्याला बोलवायचे आणि वस्तरा घरी ठेवून ये म्हणायचे, असा हा प्रकार झाला. तरी प्रयत्न करतो. अण्णांची थट्टा करणे तसेही अवघडच असते. ते ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतात आणि मग विचारतात, “यातलं तुम्ही स्वतः काय पाहिलंत?”

अण्णांच्या कामाचे स्वरूप ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. पक्षी पाहणारे लोक वर्षभराची एक यादी करतात. वर्षात जे जे पक्षी आपण पाहिले, त्या प्रत्येकाची त्यात एकदा नोंद. जगभर ही यादी जानेवारीच्या पहिल्या तारखेला सुरू होते, कारण तेव्हा तलाव पाहुण्यांनी गजबजलेले असतात. हिमालयापलीकडून आलेली बदके, रोहित आणि धोबी पक्षी, सगळे हजर. एका सकाळीत यादीचे पान भरते आणि माणूस घरी जाऊन फोटो टाकायला मोकळा होतो. अण्णांची यादी मात्र गुढीपाडव्याला सुरू होते. म्हणजे नेमके पाहुणे निघाल्यावर.

“अण्णा, हे उलटं नाही का?” मी पहिल्याच वर्षी विचारले होते.

“उलटं कसं? आपलं वर्ष पाडव्यालाच लागतं की.”

“पण तोवर बदकं गेलेली असतात.”

“सगळी नाही जात. एखाददुसरं थांबलेलं असतं. लग्नात पंगतीला बसलेले पाहुणे कुणीबी मोजतं, लेखक. मांडव सुटल्यावर कोण मागं राहिलंय ते बघायला जायचं.”

मला ते ‘लेखक’ म्हणतात. दुसरा कुणी म्हणाला तर मला त्यात टोमणा दिसतो. अण्णा म्हणतात तेव्हा तो हुद्दा वाटतो.

तर असा त्यांचा शिरस्ता. पाडव्याच्या पहाटे, गुढी उभारण्याआधी, तलावावर जायचे. त्या वर्षीची पहिली नोंद दूरदेशी परतायला निघालेल्या पाहुण्याचीच हवी. तो दिसेपर्यंत बाकी कुणाचीही नोंद नाही. कावळा डोक्यावर येऊन बसला तरी तो मोजायचा नाही. एका वर्षी पाहुणा लवकर सापडेना, तेव्हा खंड्या, टिबुकल्या, गायबगळे असे सगळे घरचे लोक अण्णांच्या समोरून रोज जात-येत होते आणि अण्णा त्यांना फक्त नमस्कार करत होते.

अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी सौ. शकुंतलाबाई, या शिरस्त्यावर लग्नापासून बोलत आल्या आहेत. त्यांचे माहेर अक्कलकोटकडचे, त्यामुळे बोलण्यात कानडीची फोडणी असते. मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा “बर्री, बर्री” करत त्यांनी बसायला सतरंजी दिली आणि म्हणाल्या, “तुमीबी ह्यांच्या नादाला लागला का? ह्यांच्या वहीत पाहुण्याला पहिला मान. घरचं माणूस ऱ्हातंच की घरात, त्याची नोंद कशाला? मी अजून त्या वहीत न्हाय बगा.” अण्णांनी यावर चहाचा कप तोंडाला लावला. कोर्टात इतकी वर्षे काढलेल्या माणसाला कुठे गप्प बसायचे ते बरोबर कळते.

सोलापूरचा वसंत ही काय चीज आहे, हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. इतरत्र तो चैत्र-वैशाख असा दोन महिने चालतो. आमच्याकडे तो रोज पहाटे येतो आणि ऊन वर आले की निघून जातो. त्यानंतर जे उरते त्याला आम्ही मे महिना म्हणतो, तो कुठलाही महिना असला तरी. या तुटपुंज्या वसंतात अण्णा आम्हाला घेऊन हिप्परग्याच्या, होटगीच्या तलावांवर जायचे. पाणी मागे सरकलेले, भेगाळलेला चिखल, त्यावर बाभळीच्या पिवळ्या फुलांचा सडा, आणि लांब कुठेतरी चार नारिंगी ठिपके. अण्णा म्हणायचे, “चक्रवाक. अजून हायेत.” त्या ‘अजून’मध्ये जे काही असायचे, त्यासाठी मी रोज पहाटे साखरझोप मोडत आलो आहे. साखर मात्र जिथल्या तिथे आहे.

अण्णांच्या स्वभावातला सर्वांत मोठा गुण म्हणजे साक्षीपुराव्याची शिस्त. लघुलेखकाने जे बोलले गेले तेच लिहायचे असते, बोलणाऱ्याच्या मनात काय होते ते नाही. तीच सवय त्यांनी तलावावर आणली. दिसले ते लिहायचे, वाटले ते नाही. आवाज ऐकून नोंद करायची नाही, कारण आवाजाला खात्रीचा पत्ता नसतो. आमच्या पक्षी पाहणाऱ्यांच्या मंडळातले रशीदभाई, ज्यांचे मोटारसायकल दुरुस्तीचे गॅरेज आहे आणि ज्यांच्यामुळे आम्ही तलावावरून परत येऊ शकतो, एकदा धावत आले. त्यांना म्हणे एक अतिशय दुर्मीळ ससाणा दिसला होता.

“चोच पाहिली?” अण्णांनी विचारले.

“चोच तो उधर मुँह करके बैठा था, अण्णा.”

“पाय?”

“पाय पत्तों में थे.”

“मग तुम्ही पाहिलं काय?”

रशीदभाईंनी छातीवर हात ठेवला. “माहौल देखा ना, अण्णा!”

ती नोंद झाली नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस अण्णा स्वतःच काही नीट दिसले नाही की म्हणायचे, “माहौल होता.” इतकी वर्षे कोर्टात काढूनही माणसाला दुसऱ्याचा विनोद असा जपून वापरता येतो, हे मी तिथे शिकलो. माझ्या धंद्यात लोक तो चोरतात.

चक्रवाकाबद्दल आपल्याकडे जुनी समजूत आहे, की या जोडीला रात्रभर विरह असतो, एक या काठावर आणि एक त्या काठावर, आणि दोघे रात्रभर हाका मारतात. मी एकदा हौसेने हे अण्णांपुढे मांडले. ते म्हणाले, “मी दिवसा बघतो. दिवसा शेजारी-शेजारीच असतात. रात्रीची साक्ष माझ्याकडं नाही.” मग म्हणाले, “पण असेलबी. हाक तशीच आहे.”

त्यांच्या माणुसकीचे एकच उदाहरण देतो, कारण जास्त दिली तर ते रागावतील. ज्या दैनिकात माझे सदर चालायचे ते एक दिवस बंद पडले. सदर लिहिणाऱ्याचे सदर गेले की त्याला अंगावरचा सदरा गेल्यासारखे होते. मी घराबाहेर पडेना. बरेच जण भेटायला आले आणि प्रत्येकाने जाताना मला थोडे अधिक बुडवले. अण्णा आले ते फाटकातूनच म्हणाले, “चला, पिवळे धोबी आलेत. चार दिवसांत जातील.” दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकात. तिसऱ्या दिवशी मीच फाटकात जाऊन उभा राहिलो. त्या साऱ्या दिवसांत सदराचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. एकदाच, पाणी आटलेल्या होटगी तलावाकडे बघत म्हणाले, “पाणी कमी झालं की पक्षी जवळ येतात.” ते माझ्याविषयी होते की पाण्याविषयी, हे मी विचारले नाही. विचारले असते तर म्हणाले असते, पाण्याविषयी.

आता या वर्षीचे सांगायला हवे. समितीने ‘अलीकडील प्रकृती’ या विषयावर दोन ओळी पुरेत असे कळवले होते. त्या पुरणार नाहीत.

गेल्या पावसाळ्यापासून अण्णांच्या डोळ्यांतल्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. आधी एक डोळा, मग दुसरा. डॉक्टरांनी सांगितले, पूर्ण अंधार होणार नाही, पण समोरचे नीट दिसणार नाही. अण्णांनी मला ते कोर्टातल्या भाषेत समजावले. “कागदाच्या मधोमध शाई सांडलीय. कडेचा मजकूर शाबूत आहे. पण नेमकं ज्याच्याकडं बघावं, ते शाईखाली जातं.”

पाडव्याच्या पहाटे आम्ही तिघे हिप्परग्याला गेलो. पलीकडच्या काठावर, बाभळीखालच्या चिखलात, चक्रवाकांची जोडी होती. रशीदभाईंनी पाहिली, मी पाहिली. अण्णांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

“बाभळीखाली, अण्णा. थोडं डावीकडं.”

ते बघत राहिले. दुर्बीण हळूहळू डावीकडे गेली, उजवीकडे आली, पुन्हा डावीकडे गेली. मग त्यांनी ती खाली घेतली आणि काच सदऱ्याने पुसली, जशी काही चूक काचेची होती.

“मला बाभळच सापडंना, लेखक.”

आम्ही परत आलो. अण्णांनी गुढी उभारली, कडुनिंब वाटला, सर्वांना शुभेच्छा दिल्या. वर्ष सगळ्या सोलापूरचे सुरू झाले, अण्णांचे झाले नाही.

पुढचे दिवस तसेच गेले. रोज पहाटे हिप्परगा, रोज ती जोडी कुठेतरी असायची, आणि रोज अण्णांची दुर्बीण रिकामी परतायची. ऊन चढत होते. असल्या उन्हात ही बदके आणखी किती थांबणार? एखाद्या सकाळी ती नसणार होती. आणि मग अण्णांच्या पंचाहत्तरीच्या वर्षाची यादी, या सगळ्या उद्योगात पहिल्यांदाच, कोरी राहणार होती.

मंडळाने यावर चहाच्या टपरीवर सभा घेतली. पक्ष्याचा आवाज ओळखला तरी नोंद धरावी, असा ठराव एकमताने संमत झाला. आमच्या मंडळात एकमत होणे हा ससाण्यापेक्षा दुर्मीळ प्रकार आहे. ठराव घेऊन मी अण्णांकडे गेलो. त्यांनी तो ऐकला आणि म्हणाले, “मसुदा चांगलाय. पण हा नियम मी केला तेव्हा माझे डोळे चांगले होते. चांगल्या दिवसांत केलेला नियम वाईट दिवस आले म्हणून सोडला, तर तो नियम नव्हता. सोय होती.”

मग रशीदभाईंनी आपल्या परीने इलाज केला. दुसऱ्या दिवशी जोडी दिसत नव्हती, कुठेच. रशीदभाई अण्णांच्या खांद्याला धरून एकदम ओरडले, “अण्णा, वो देखो, सामनेच बैठी है! नारंगी, एकदम साफ! आपको भी दिखती ना?”

अण्णा तिकडे तोंड करून क्षणभर उभे राहिले. माणसाला विश्वास ठेवायची किती इच्छा असू शकते, ते मला त्यांच्या पाठीवरून कळत होते. मग त्यांनी विचारले, “तोंड कुणीकडं आहे तिचं?”

“तोंड… मावळत को.”

“वारा उगवतीचा आहे, रशीदभाई. पक्षी वाऱ्याकडं पाठ करून बसत नाही. पिसं विस्कटतात त्याची.”

रशीदभाईंनी मान खाली घातली. अण्णांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “माहौल होता. मला कळलं.” परतताना अण्णा मागच्या सीटवर बसून तलावाकडे तोंड करून होते, रस्ता वळेपर्यंत आणि वळल्यानंतरही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो, ते अक्कांना काहीतरी सांगावे म्हणून. काय सांगायचे हे मला ठाऊक नव्हते. अण्णा आत झोपले होते. अक्का शेंगा सोलत बसल्या होत्या.

“काल काय झालं सांगू?” त्या म्हणाल्या. “जेवाय बसले, तोंड भिंतीकडं. माझ्याकडं बगंनात. मी म्हटलं, रुसले जनू. तर भिंतीकडं बगूनच म्हनतात, ‘टिकली नवी लावलीस व्हय?’ मी दचकलेच की ओ! सरळ बगितलं की मी दिसत न्हाय, आन भिंतीकडं बगितलं की टिकलीसुद्दा दिसती. आयुष्यभर हिकडं बसून तिकडं बगत आलेत, आता कामाला आलं बगा.”

मी हसलो. मग आमचे दोघांचेही हसणे एकदमच थांबले. अक्कांनी सोललेल्या शेंगा बाजूला सारल्या.

“उद्या मी येते,” त्या म्हणाल्या.

अक्का त्या तलावावर कधीच आल्या नव्हत्या. पाडव्याला गुढीचे, इतर दिवशी गुडघ्यांचे कारण असायचे. खरे कारण असे, की त्यांना कुणी बोलावले नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या रशीदभाईंच्या रिक्षावाल्या मेहुण्याला घेऊन थेट काठावर उतरल्या. पायात चपला, डोक्यावर पदर, हातात कडक भाकरीचा डबा. अण्णा म्हणाले, “तू कशाला आलीस?” अक्कांनी डबा रशीदभाईंच्या हातात दिला.

जोडी पुन्हा आली होती. बाभळीपासून बऱ्याच अलीकडे, पाण्याच्या कडेला. अण्णांनी सवयीने दुर्बीण उचलली. अक्कांनी ती त्यांच्या हातातून काढून माझ्याकडे दिली आणि मला खालच्या आवाजात विचारले, “कुटं हायेत?” मी दाखवले. त्या चिखलातून चालत गेल्या आणि पक्ष्यांच्या बऱ्याच उजव्या अंगाला, अण्णांच्या समोर तोंड करून उभ्या राहिल्या.

“इल्ली नोड्री,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडं बगा.”

“तुझ्याकडं काय बघू? पक्षी—”

“पक्षी ऱ्हाऊ द्या. माझ्याकडं बगा म्हनते की.”

अण्णांनी पाहिले. तलावावर इतकी शांतता मी माझ्या मोबाइलच्या काळात तरी अनुभवली नव्हती. अण्णांची नजर अक्कांच्या तोंडावर, अक्कांची अण्णांच्या. मी अक्कांकडे बघत होतो, रशीदभाई अण्णांकडे, आणि पक्ष्यांकडे कुणीच बघत नव्हते.

“उठले,” अण्णा म्हणाले.

आम्ही मान वळवली. खरोखरच दोन्ही पक्षी पाण्यावरून उठत होते. नारिंगी अंगाखालून पंखांचा पांढरा पट्टा उघडला, मिटला, उघडला.

“दोन आहेत. पंखात पांढरं. उत्तरेला वळले.” अण्णा अजून अक्कांकडेच बघत होते. त्यांचा आवाज नोंद सांगायचा होता. “लिहा, लेखक. चक्रवाक. नर आणि मादी. पाहिले.”

मी लिहिले. जोडीने तलावाला एक वळसा घातला, ती लांबवर जाणारी हाक दिली आणि ती दिसेनाशी झाली. ती पुन्हा आली नाही. त्यानंतर मात्र अण्णांना कुणी आवरू शकले नाही. अक्कांकडे बघत, जरा इकडे मान, जरा तिकडे मान करत, त्यांनी एका दमात कावळा, गायबगळा, टिबुकली, शेकाट्या, खंड्या असे सगळे ताटकळलेले घरचे लोक वहीत घातले. मला लिहायला हात पुरेना.

“आन मी?” अक्कांनी तिथूनच विचारले.

“तुझ्याकडंच तर बघत होतो की,” अण्णा म्हणाले.

हे लिहीत असताना हिप्परग्याचे पाणी आणखी मागे गेले आहे आणि काठावर पाहुणा म्हणून कुणी उरलेले नाही. मी मात्र पहाटे जातो. रिकाम्या पाण्याकडे बघून ती हाक आठवायचा प्रयत्न करतो, आणि ती नीट आठवत नाही. ज्याने आयुष्यभर सगळ्या गोष्टींची टिंगल केली, त्याला दिवाळीनंतर परतणाऱ्या दोन बदकांची अशी वाट पाहायला लावणे, हे अण्णांचे माझ्यावरचे उपकार आहेत की सूड, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

अण्णांना दीर्घायुष्य लाभो, असे लिहायची पद्धत आहे. ते मी लिहितोच, पण अण्णा विचारतील, दीर्घ म्हणजे किती आणि ते मोजणार कोण. म्हणून त्यांच्या शिस्तीत बसेल असे मागतो. त्यांचे गुडघे, कान आणि डोळ्यांची ती शाबूत राहिलेली कड बरी राहो. येणाऱ्या पाडव्याला, आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक पाडव्याला, मांडव सुटल्यावर मागे राहिलेला एखादा पाहुणा त्यांच्यासाठी थांबलेला असो. त्याच्या थोड्या उजव्या अंगाला, पदर सावरत, अक्का उभ्या असोत. आणि वही घेऊन मी तिथे असेन, त्यांच्या शेकाट्याच्या पुढ्यातून जरा डावीकडे सरकून.